पुसलेली भिंत

बालकल्याणच्या बाई मंगळवारी चारला येणार हे कळल्यापासून आईच्या हाताला उसंत नव्हती. शाळा सुटल्यावर दोन मुली दोन तास घरात एकट्या असतात, असं कुणीतरी कळवलं होतं. खोटं तरी कुठे होतं? इस्पितळाच्या धुलाईखान्यातली तिची ड्यूटी सहाला सुटायची. बाईंना देखरेख अपुरी वाटली, तर मुली जाणार बालगृहात. मग काय, रजा टाकून तिने घर असं घासलं की विचारू नका. स्वयंपाकघराची भिंत खडूंनी बरबटलेली, तीही साबण लावून लख्ख केली.

बाई पन्नाशीच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या. त्या आता डबे उघडतील, चादरी बघतील, असं आईला वाटलं. तर ही बाई सरळ फरशीवर बसली आणि पाच वर्षांच्या धाकटीच्या उंचीवरून खोली न्याहाळू लागली. सुरी कुठे, काडेपेटी कुठे, खिडकीच्या कडीला कुणाचा हात पोचतो. सगळं वहीत उतरत होतं आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

"अडीनडीला मुली कुणाला बोलावतात? कुठे लिहून ठेवलंय?"

आईने कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. "भिंतीवर होतं हो. तुम्ही येणार म्हणून कालच पुसलं." बोलता बोलताच तिला स्वतःच्या अकलेची कीव आली. यावर कोण विश्वास ठेवणार?

बाई दहा वर्षांच्या थोरलीकडे वळल्या. "समज, आई कामावर आहे आणि हिला ताप भरला. काय करशील?"

थोरली उठली आणि कोऱ्या भिंतीवर तिने बोट टेकवलं. "आधी हा नंबर. खालचे शिंपीकाका." दहाही आकडे तिने घडाघडा म्हटले. बोट वीतभर खाली आलं. "ते नसले तर हा, धुलाईखान्याचा."

"काकांच्या नंबरापुढे कात्री होती," धाकटी म्हणाली. "आईच्यापुढे बादली. मला वाचता येत नाही ना."

"आणि दार वाजलं तर?"

"उघडायचं नाही. आज आई आहे म्हणून तुम्ही आत आलात," थोरली म्हणाली.

बाई खाली शिंप्याकडे जाऊन आल्या आणि पुन्हा फरशीवर बसल्या. चार ते सहा तो रेडिओसुद्धा लावत नाही म्हणे, वरची हाक ऐकू यावी म्हणून. आईला हे आजवर ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"देखरेख पुरेशी आहे, असंच लिहिलंय मी," बाई म्हणाल्या. "फक्त ड्यूटी लांबली, तर मुलींनी काकांच्या दुकानात बसायचं. आणि ती भिंत होती तशी करा. खाली माझाही नंबर घाला."

धाकटी खडू घेऊन आली. "तुमच्यापुढे काय काढू?"

बाई जमिनीला हात टेकून कण्हत उठल्या. "गुडघा काढ," त्या म्हणाल्या.

आई डोळे पुसता पुसता हसायला लागली, आणि धाकटी कामाला लागली.