दम, दमा आणि मी फुंकणी

ओळखलंत का मला? नाही ना! कुणीच ओळखत नाही. कुणाला मी शिट्टी वाटते, कुणाला बासरी. एका पाहुण्यांनी तर मला थर्मामीटर समजून चक्क काखेत धरलं होतं! डॉक्टर मला पीक फ्लो मीटर म्हणतात, पण या घरात माझं नाव फुंकणी, आणि फुंकणी म्हणूनच मी आज तुमच्यापुढे तोंड उघडतेय. छाती भरून श्वास घ्यायचा, माझ्या तोंडाला ओठ घट्ट लावायचे आणि एकदम जोरात फुंकायचं. माझ्या अंगावरचा लाल काटा सर्रकन वर सरकतो. काम एवढंच, पण त्याच्या जोरावर मी या घराला वर्षानुवर्षं नाचवलंय.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या ढीगभर बहिणी एकाच साच्यातून टपाटप बाहेर पडल्या. मी औषधाच्या दुकानात आले आणि खोकल्याच्या बाटल्यांमागे धूळ खात बसले. एक दिवस सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ आत शिरले. हात वंगणाने काळे, कडेवर सहा वर्षांची लेक. लेकीच्या छातीतून सूं सूं आवाज येत होता.

"डॉक्टरांनी हवा मोजायचं काहीतरी आणायला सांगितलंय," ते म्हणाले. "टायरची मोजायचं आहे माझ्याकडे. पोरीची मोजायचं द्या."

झालं, मी त्यांच्या घरी आले. पहिल्या दिवशी लेकीने फुंकलं आणि काटा जेमतेम हलला. तिचा चेहरा एवढासा झाला. मग तिला हसवायला सगळं घर माझ्यावर तुटून पडलं. बाबांनी गाल फुगवून फुंकलं, आईने डोळे मिटून फुंकलं. आजोबांनी फुंकलं तेव्हा काटा जागीच राहिला, कवळी मात्र बाहेर आली! लेक हसून हसून लोळली, तिला खोकला लागला, आणि तिला हसवणाऱ्या सगळ्यांनाच आईची बोलणी खावी लागली.

सगळेच दिवस असे हसण्याचे नव्हते. कधी काटा तळाशी, धोक्याच्या लाल पट्ट्यात अडकायचा. मग तिचा औषधाचा पंप शोधायची धावपळ व्हायची, आई तिला ताठ बसवून तिच्याजवळ बसून राहायची, बाबा दवाखान्यात जायला चपला घालून दारात उभे असायचे. अशा वेळी मला माझाच राग यायचा. पण खरं आहे तेच दाखवायचं, याशिवाय मला दुसरं काही येत नाही. हळूहळू औषधाने गुण आला. सूं सूं थांबलं. अकराव्या वर्षानंतर दमा जो गेला, तो परत फिरकला नाही. पंप बंद झाला आणि मी हिरव्या पट्ट्यात तोऱ्यात मिरवू लागले.

आणि या पोरीला व्हायचं काय होतं, सांगा बघू? लष्करात अधिकारी! एकदा एक अधिकारी बाई पंक्चर काढायला दुकानात आल्या होत्या. त्यांच्या बुटांत हिला आपला चेहरा दिसला, तेव्हापासून घरातल्या सगळ्या चपलांना पॉलिश व्हायला लागलं. आजोबांच्या रबरी सपातासुद्धा सुटल्या नाहीत. मोठी झाल्यावर तिने लेखी परीक्षा मारली, मुलाखतही मारली. उरली फक्त वैद्यकीय तपासणी. लहानपणचा दमा पूर्ण बरा होऊन बरीच वर्षं उलटली असली तर चालणार होतं, पण आज त्याची नुसती शंका जरी आली, तरी सगळं मुसळ केरात.

मामा म्हणाला, "अगं, कशाला उकरून काढतेस? विचारलं तर सांग, सर्दी व्हायची म्हणून."

"नाही मामा," ती म्हणाली. "उद्या माझ्या भरवशावर माणसं धावणार. सुरुवातच थापेने नको."

तपासणीच्या दिवशी बाबा मला शर्टाच्या खिशात खोचून घेऊन गेले. मी खिशातून डोकं काढून सगळं बघत होते. बाहेर बाकावर बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. शेजारून एक मदतनीस ट्रे घेऊन निघाला होता.

"ती आत गेली ती तुमचीच का हो?" त्याने विचारलं.

"आमचीच!" बाबा छाती फुगवून म्हणाले. "दमाय पोरीत!"

घात झाला! बाबांना म्हणायचं होतं 'दम आहे'. पण वर पंखा खडखडत होता, बाबा घाईघाईत बोलत होते, आणि मदतनिसाच्या कानात शिरलं 'दमा आहे'. तो तडक आत गेला. "सर, त्या मुलीला दमाय. बाप स्वतः सांगतोय."

मी खिशात ओरडत होते, पण फुंकल्याशिवाय माझा आवाज निघतो कुठे! दार उघडलं. डॉक्टरांनी बाबांना आत बोलावलं. लेक पांढरी फटक पडली होती.

"ही म्हणते दमा होता. तुम्ही म्हणता आहे. खरं काय?"

बाबांची बोबडी वळली. "दम... दमा... होता, साहेब! दमा होता. आता आहे तो दम! दमा नाही, दम!"

मग डॉक्टर असे हसले की टेबलावरचे कागद उडाले. "काका, एका कान्यापायी पोरीला घरी पाठवलं असतंत की!"

पण हसण्यावर कुणी पास होत नाही. त्यांनी तिला मोठ्या यंत्रात फुंकायला लावलं, मग मैदानात दमेपर्यंत पळवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. बाबांनी मलाही पुढे केलं होतं, पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या टोलेजंग यंत्राचा मला असा मत्सर वाटला, काय सांगू! शेवटी डॉक्टर तिच्या पाठीला नळी लावून ऐकत राहिले. बराच वेळ.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?" बाबांनी खिशातच मला घट्ट आवळलं.

"म्हणजे छाती स्वच्छ आहे, काका. पोरगी फिट!"

बाहेर येताच बाबांनी मदतनिसाला मिठी मारली. ट्रे खाली, वाट्या चारी दिशांना. मी खिशातून उडून बाकाखाली गेले आणि तिथेच पडल्या पडल्या खदखदून हसले.

ती प्रशिक्षणाला निघाली त्या सकाळी बॅग भरून झाल्यावर तिने मला हातात घेतलं, बघितलं आणि फुंकलं. काटा थेट वरच्या टोकाला जाऊन टेकला. मला टेबलावर ठेवून ती गेली. बरोबर नेलं नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त हसू आलं. मला न्यायची गरज पडू नये, म्हणूनच तर मी इतकी वर्षं या घरात होते!

आता मी कपाटावर असते. माझा काटा एकदा वर गेला की आपोआप उतरत नाही, हाताने खाली आणावा लागतो. आई रोज माझ्याभोवतीची धूळ पुसते, पण मला उचलत नाही. परवा मामा मला फुंकायला निघाला, तर ती स्वयंपाकघरातून पळत आली. "खबरदार! तो काटा हलवायचा नाही. लेकीचा श्वास आहे तो."

तेव्हा मंडळी, या घरी कधी आलात तर मला जरूर बघा. फक्त लांबून.