खाजेची वही

“रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावरच्या चार-पाच आया वळून आत बघायला लागल्या.

मावशी दारात उभ्या होत्या, हातात कापसाचा डबा. मुलांचं रक्त घ्यायचं काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. दवाखान्यातले लोक त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत, मुलं मात्र मुंगीमावशी. कारण ‘अजिबात दुखत नाही हं’ असं त्या कधी म्हणत नसत. “मुंगी चावते ना, तेवढं दुखेल. पाच मोज,” म्हणत. आणि चार म्हणेपर्यंत सुई बाहेर आलेली असे.

“नाव मी टोचायच्या आधी लिहिते, मॅडम. मुलीलाच विचारून लिहिते.”

“माहितेय हो मला. पण हे बघा.” डॉक्टरांनी दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि वर माझी वही. “तीन महिन्यांपूर्वी आकडा एवढा होता. आता जवळजवळ दुप्पट. आणि आईची वही सांगते, मलम दोन्ही वेळा, एक दिवस चुकलेला नाही. खाज आठावरून तीनावर. कातडीही शांत दिसतेय. मग रक्तात एवढी आग कुठून आली?”

मावशींनी वहीकडे पाहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचे.

“मग माझ्याकडूनच झालं असेल,” त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसले होते. खारू माझ्या मांडीवर होती, आणि मी तिच्या फ्रॉकचं बटण लावत होते. ते आधीच लावलेलं होतं.

खारू म्हणजे माझी मुलगी, पाच वर्षांची. दोन्ही हातांनी सारखी खरखर खाजवते म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं हे नाव. कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेवर, सगळीकडे इसब. त्या दवाखान्यात ऐंशी मुलांचा अभ्यास चालला होता. कातडी आतून किती पेटली आहे, हे रक्तातल्या एका आकड्यावरून आधीच ओळखता येतं का, ते त्यांना पाहायचं होतं. आयांना एकेक छापील वही दिली होती. रोजची खाज दहापैकी किती, झोप कशी, मलम सकाळी लावलं का, संध्याकाळी लावलं का. रिकाम्या ट्यूबसुद्धा परत आणायच्या.

पहिला आठवडा मी खरं लिहिलं. मग फोनवर एका बाईचे फोटो पाहिले. त्याच जातीचं मलम वर्षानुवर्षं लावून तिची कातडी कागदासारखी पातळ झाली होती. दुसऱ्या दिवशी मी मलम बंद केलं. साधं तेल चोळायला लागले. डॉक्टरांना विचारायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी माझी वही उचलून दुसऱ्या आयांना दाखवली. “अशी ठेवा वही. एक खाडाखोड नाही.” बाहेर बाकावर एक बाई सरकून मला म्हणाली, “ताई, तुम्हाला वेळ कसा मिळतो हो? माझी तर वहीच पोराने फाडली.” मी हसले. मग विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर वही मी तपासणीच्या दिवशी सकाळी भरत असे, स्वयंपाकघरात, दोन रंगांची पेनं घेऊन. एकाच शाईने लिहिलं तर संशय येईल, एवढी अक्कल शिक्षणाने आली होती. नवरा चहा पिता पिता डोकावला होता.

“परीक्षा आहे का गं आज? मंगळवारी खाज किती?”

“चार.”

“मंगळवारी ती माझ्या आईकडे होती.”

“आईंना विचारलं मी.”

“बरं,” तो म्हणाला, आणि कप विसळायला गेला. त्याने आईला विचारलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण माझ्यावर त्याचा विश्वास होता.

ट्यूब रिकाम्या दिसायला हव्यात, म्हणून दोन दिवसांआड बोटभर मलम मी बेसिनमध्ये पिळायचे आणि वर गरम पाणी सोडायचे. आणि तपासणीच्या आधी चार दिवस मात्र खरंच लावायचे, पाहुणे यायचे म्हणून घर झाडावं तसं. चार दिवसांत लाली उतरायची. खारू शांत झोपायची. ते मलम काम करतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी मी पुन्हा ते फोटो उघडून बघायचे.

“पुन्हा एकदा घेऊ या रक्त,” डॉक्टर म्हणाल्या. “आत्ताच. सॉरी हं, बाळा.”

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मी खारूला उचललं आणि मावशींच्या मागे चालू लागले.

मावशींनी नळीवर नाव लिहिलं. मग ते मला दाखवलं. मग खारूला मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा स्वतःशी वाचलं. एवढं त्या कधी करत नसत. दंडाला पट्टा बांधला.

“मुंगी ना?” खारूने विचारलं.

“मुंगी. मोज.”

खारू पाचपर्यंत पोचली. सहा म्हणाली. सातला रडायला लागली. शीर सापडलीच नाही. मावशींनी सुई काढली, कापूस दाबला, दुसरा हात घेतला. त्यांचा हात कापत होता. मी खारूला घट्ट धरलं होतं आणि माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. दुसऱ्या खेपेला रक्त आलं.

“ही मुंगी नव्हती,” खारू हुंदके देत म्हणाली.

“नव्हती, राणी,” मावशी म्हणाल्या. “चुकलं माझं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, माफ करा. तुम्ही एवढं मनापासून करता, आणि आमच्याकडून असं.”

मी म्हणाले, “असू दे हो.”

मी खरोखर ‘असू दे हो’ म्हणाले.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा रक्ताच्या खोलीत एक तरुण सिस्टर बसली होती. मावशी पलीकडे वजनकाट्यापाशी, नवा चष्मा लावून. मी त्यांची नजर चुकवून डॉक्टरांकडे गेले.

“आकडा तोच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे नळ्या बरोबर होत्या. वरून शांत आणि आतून पेटलेलं. मलम पुरत नाही असं दिसतंय. आता शरीराची प्रतिकारशक्ती जरा दाबणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतील. दर महिन्याला रक्त तपासायचं. ताप आला तर लगेच इकडे आणायचं.”

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली. वजन लिहिलं. वय लिहिलं.

“थांबा,” मी म्हणाले. “मी मलम लावलेलं नाही.”

“किती दिवस?”

“पहिला आठवडा सोडला तर नाहीच. इथे यायच्या आधी चार दिवस तेवढं.”

त्यांनी पेन ठेवलं. “आणि वही?”

“इथे यायच्या दिवशी सकाळी भरायचे.”

“मला विचारायचं होतं तुम्ही.”

“तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं,” मी म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून मान खाली घातली. पाच वर्षांच्या खारूनेसुद्धा यापेक्षा बरी सबब सांगितली असती.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी वहीवर आडवी रेघ मारली, गोळ्यांचा कागद फाडला. मलम किती, कुठे, किती दिवस लावायचं, कधी कमी करायचं, कातडी पातळ होऊ नये म्हणून काय बघायचं, सगळं दहा मिनिटं समजावलं. सगळी उत्तरं त्यांच्यापाशी होती. शेवटी म्हणाल्या, “मी सिस्टरांना दार उघडं ठेवून विचारलं त्या दिवशी. त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?”

“मी सांगते.”

वजनकाट्यापाशी रांग नव्हती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बेसिनचंही सांगितलं. मावशी चष्मा काढून पुसत राहिल्या.

“म्हणजे आकडा बरोबर होता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी तर डोळे तपासून आले. घरी सुनेला म्हटलं, आता माझ्या हातून पोरांना इजा नको.” त्यांनी चष्मा परत लावला. “वही बघून मला पटलंच होतं हो. इतकं नीट लिहिणारी बाई, म्हटलं, चूक आपलीच.”

“तुम्ही परत खोलीत जा ना, मावशी. डॉक्टरांना मी सांगितलंय सगळं.”

“बघू.” मग खारूकडे बघून, “आता लावणार ना मलम?”

“लावणार.”

“लावा,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्या आवाजात राग शोधला, तो नव्हता.

तीन महिन्यांनी शेवटच्या तपासणीला गेलो. आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला होता. खारूचं नाव अभ्यासातून काढलं होतं, तरी डॉक्टरांनी तपासलं. मावशी वजनकाट्यापाशीच होत्या. तरुण सिस्टर मला हळूच म्हणाली, “परत खोलीत या म्हणून खूप सांगितलं आम्ही. म्हणतात, एकदा हात कापला की कापला.”

खारू काट्यावर चढली आणि सवयीने बाही वर सारून हात पुढे केला.

“इथे नाही गं द्यायचा,” मावशी म्हणाल्या, पण हात त्यांनी धरला. कोपराच्या आतली कातडी स्वच्छ होती, एक ओरखडा नव्हता. त्यांनी अंगठा तिथे टेकवला, किंचित डावीकडे सरकवला आणि थांबवला. शीर सापडली होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मग तिची बाही त्यांनी मनगटापर्यंत खाली ओढली आणि काट्याचा आकडा वाचून लिहून घेतला.