चिलीच्या पाहुण्या

राडामेससाहेबांनी स्वतःच्या हातांनी युडेलकाच्या डोक्यावर रुंद काठाची हॅट ठेवली, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि तिला कमरेचा एप्रन सोडायला सांगितलं.

"आता तू चिलीची. नाव काहीही सांग, खरं सांगू नकोस."

"चिली कुठं आलं, साहेब?"

"खाली. लांब. तुला कोण नकाशा काढायला सांगतंय?"

युडेलका हॉटेलच्या लाँड्रीत नऊ वर्षं टॉवेल धूत होती. साहेब हॉटेलचे मॅनेजर. राजधानी सान्तो दोमिंगोहून टीव्हीवाले आले होते. सकाळच्या थेट कार्यक्रमात किनाऱ्यावरच्या एका खूश पाहुण्याची मुलाखत व्हायची होती. पण आठवडाभर समुद्र तपकिरी शेवाळाचे ढीग आणून टाकत होता, आणि त्या कुजक्या वासाला कंटाळून अर्जेंटिनाचं कुटुंब आदल्या दिवशीच निघून गेलं होतं. उरले जर्मन. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, आणि ते खूशही नव्हते.

शेवाळ दिसणार नाही अशा बेतानं कॅमेरा नारळाच्या झाडांकडं वळवला होता. निवेदिका योकास्ता हसतच आली.

"चिलीत कुठं राहता, ताई?"

"समुद्राजवळच."

"मग समुद्र बघायला इतक्या लांब?"

"आमचा फार गार असतो." हे तिला कधीतरी एका पाहुणीनं सांगितलं होतं.

"पण तुमचं बोलणं अगदी आमच्यासारखं वाटतं हो."

"तीन दिवस झाले येऊन. लागलं वळण."

कॅमेऱ्यामागं साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. योकास्तानं विचारलं, हॉटेलातलं सगळ्यात काय आवडलं?

"टॉवेल," युडेलका म्हणाली. हा प्रश्न तिला मनापासून आवडला. "इतके पांढरेशुभ्र, की पाय पुसायला जीव होत नाही. काल मी वाट चुकले आणि थेट लाँड्रीत जाऊन पोचले."

साहेबांनी नको-नको अशी मान हलवली. आधी हळू, मग जोरात.

"चौदा बायका, एक खिडकी. इस्त्रीच्या वाफेत समोरचं माणूस दिसत नाही. एकीला विचारलं, बाई गं, पंखा का नाही? तर म्हणाली, चार अर्ज दिले. अर्ज कुठं जातात म्हटलं, तर म्हणाली, वर." युडेलका थांबली. "माणूस एवढा खर्च करून येतो, मऊ टॉवेलवर लोळतो, आणि मग कळतं की कुणीतरी भोवळ येऊन पडली होती. रात्रभर डोळा लागला नाही हो मला. पुढच्या वर्षी यावं की नाही, तेच ठरत नाहीये."

योकास्तानं तिचा हात हातात घेतला. साहेब गळ्यावरून आडवं बोट फिरवत होते, पण कॅमेरामन तिच्याकडं बघण्यात गुंग होता.

अर्ध्या तासात राजधानीतून मालकांचा फोन आला. पाहुण्याची तक्रार त्याच दिवशी मिटलीच पाहिजे, असा हॉटेलचा नियम होता. जेवणाच्या सुट्टीआधी लाँड्रीत चार मोठे पंखे लागले आणि भिंत फोडून दुसरी खिडकी काढायला गवंडी आला. बायका पंख्याखाली केस मोकळे सोडून उभ्या राहिल्या. युडेलकानं मात्र चपला, डबा, कंगवा असं आपलं सामान पिशवीत भरून ठेवलं होतं.

दुपारी साहेब आले. बाकी सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी दार लावून घेतलं आणि घडी केलेल्या टॉवेलांच्या थप्पीवर बसले. त्यांनी मान वर करून पंख्याकडं पाहिलं.

"साहेब, मी जाते," युडेलका म्हणाली. "तेवढा आठवड्याचा पगार..."

"बस जरा." त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या शुक्रवारी दुसरं चॅनेल येतंय. त्यांच्यातलं कुणी तुला ओळखत नाही."

युडेलका टॉवेलांच्या दुसऱ्या थप्पीवर बसली.

"मला तीन वर्षांत रजा मिळालेली नाही," साहेब म्हणाले. "मुलगी प्वेर्तो रिकोला असते. नातू चालायला लागला, म्हणे. मीही दिलेत अर्ज." त्यांनी बोट छताकडं केलं. "ह्या वेळी तू कोलंबियाची हो. सहज विषय काढायचा. मॅनेजर किती थकलेला दिसतो, एवढंच."

युडेलकानं पिशवीतून चपला काढून पुन्हा पायात घातल्या.

"किती दिवसांची मागू, साहेब?"