दार नंबर ४७

माझी ताई रेडिओवरच्या नाटकांसाठी दारांची करकर गोळा करते. तीन वर्षांत चारशे बारा दारं झाली. ४७ नंबरचं बाबांच्या वर्कशॉपचं. आता बाबा नाहीत, वर्कशॉपही पाडलं. करकर तेवढी उरली.

सात नंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारी शिंकला होता, म्हणून तिने काळ्या स्क्रीनवर टाइप केलं, ‘पूस ७’. सत्त्याहत्तर दारं गेली. १७, २७, ४७, जिथे म्हणून ७ होता ती सगळी.

तणतणत आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. हा प्रोग्राम लिहिणाऱ्याला सगळे तज्ज्ञ म्हणतात. तसं त्यानेच सांगून ठेवलंय.

“पूस नावाची दोन फंक्शन्स आहेत,” तो शांतपणे म्हणाला. “आकडा दिला की तेवढंच दार जातं. अक्षरं दिली की ती ज्यांच्या नावात असतील ती सगळी.”

“अरे, मी आकडाच दिला ना!”

“तुमच्या दृष्टीने. त्या काळ्या स्क्रीनवर टाइप केलेलं सगळं प्रोग्रामला अक्षरंच दिसतं.”

“मग दोघांना एकच नाव कशाला? उद्या जुळी झाली तर असंच करशील?”

“झालीत. नावं बायकोने ठेवली.”

पुसलेली दारं पाच वाजेपर्यंत प्रोग्रामच्या कचऱ्याच्या डब्यात राहतात, मग कायमची जातात. चार चाळीस झाले होते.

“सोपंय,” तज्ज्ञ म्हणाला. “‘आण ७’ लिहिलं की तशीच सगळी परत येतील. थांबा, आधी ती चूक काढतो. आता नुसते आकडे लिहिले तर आकडाच धरेल.”

ताईने लिहिलं, ‘आण ७’. एकच दार आलं. शेजारी शिंकला.

“चूक परत घाल!” ताई ओरडली.

“मी मुद्दाम चुका करत नाही.”

“तुला मुद्दाम कराव्या लागतच नाहीत, मेल्या!”

तिने ‘आण ४७’ लिहिलं. बाबांचं दार नेहमी दोनदा करकरायचं. दुसऱ्यांदा करकरल्यावरच तिने तज्ज्ञाला पुढचा नंबर विचारला.

उरलेली पंचाहत्तर एकेक करून आणली. तज्ज्ञ नंबर सांगत होता, ताई टाइप करत होती आणि मधल्या वेळात त्याला शिव्या घालत होती. शेवटचं ४०७ आलं तेव्हा पाचला दोन मिनिटं होती.

निघताना तिने त्याच्या केबिनचं दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ पडलं. मग तिने पर्समधला रेकॉर्डर बंद केला.

दार नंबर ४१३. ते पुसायचं नाही, असं तिने मला बजावलंय.