पाय आठवले की परत

कात्रीकाका उभ्यानेच वाचायचे. त्यांच्या खोलीत खुर्च्या नव्हत्या असं नाही. पण खुर्च्यांवर हस्तलिखितांचे गठ्ठे ऐसपैस बसलेले असत आणि माणसं भिंतीला टेकून उभी. जन्मभर दुसऱ्यांचं लिखाण कापत त्यांनी एक वाङ्मयीन मासिक चालवलं. मासिक बंद पडलं, टोपणनाव मात्र चिकटून राहिलं. पुढे दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एका बाईने नवं मासिक काढायचं ठरवलं तेव्हा बाकी सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. काकांनी एवढंच विचारलं, "तुला उभं राहता येतं का?"

ती दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढायची. संध्याकाळी उभं राहायला तिला उलट बरंच वाटलं.

पद्धत साधी होती. लेख घ्यायचा आणि उभ्याने वाचायचा. वाचता वाचता आपल्याला पाय आहेत अशी आठवण झाली, की त्या ओळीपाशी पेन्सिलीने खूण करायची. खूण एखादीच असेल तर तेवढं कापायचं. पानोपानी असेल तर लेख साभार परत.

"बसून वाचलं की माणूस माफ करायला लागतो," काका म्हणायचे. "आपल्याला ते परवडत नाही. भीड भिकेची बहीण, लक्षात ठेव."

तिचा नवरा एका छापखान्यात पानं लावायचा, आणि हिच्या अंकाची पानंही फुकटात लावायला तयार झाला होता. तिला ओट्याशी कविता घेऊन उभी पाहिली की तो म्हणे, "बस की गं. तुझ्या साहित्याला मूळव्याध झालीय का?"

सुरुवातीला एकदा नवी चप्पल चावली आणि तिने एक चांगली कथा परत पाठवली. काकांनी ती वाचलेली होती. त्यांनी हिला लेखिकेच्या घरी माफी मागून कथा परत आणायला धाडलं. "चप्पल कथेला चावली नव्हती," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ती अनवाणी वाचू लागली.

अंक जवळपास जुळला तेव्हा काकांनी एक पाकीट तिच्यापुढे धरलं.

"मी लिहिलंय," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदाच."

मग एका खुर्चीवरचा गठ्ठा खाली ठेवून ते बसले. हल्ली गुडघे साथ देत नव्हते. तिने चपला काढल्या.

लेख त्यांच्या मासिकाच्या शेवटच्या दिवसांवर होता. तो चांगला निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. ते कधीतरी लिहितील या आशेने तिने, त्यांनी न मागता, चार पानं आधीच राखूनही ठेवली होती. पण जन्मभर इतरांची कापलेली विशेषणं काकांनी जणू साठवून ठेवली होती, आणि ती सगळी एकदम बाहेर काढली होती. दुसऱ्या पानावर तिने पाय दाबून धरले. तरी डावा पाय उचलला गेलाच आणि उजव्या पोटरीवर घासला गेला.

तिने वर पाहिलं. काका तिच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हते. ते तिच्या पावलांकडे पाहत होते.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला वाव होता. मुंग्या आल्या म्हणाली असती तर त्यांनी ऐकूनही घेतलं असतं. पण मग तो अंक तिचा राहिला नसता. आणि खरं बोललं तर काका कदाचित तिचे राहिले नसते.

"दुसऱ्या पानावर," ती म्हणाली. "आणि पुढेही बऱ्याच ठिकाणी."

काकांनी कागद परत घेतले आणि गुडघ्यावर आपटून सारखे केले.

"मग साभार परत म्हण. तशी पद्धत आहे."

"साभार परत, काका."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. तिने केला तेव्हा ते पोस्टाच्या खिडकीतल्या माणसासारखे कामापुरतं बोलले. तिला अपराधी वाटत होतं, आणि आपण चुकलो नाही हे माहीत असल्यामुळे जास्तच वाटत होतं.

"चार पानं मोकळी पडलीत," नवरा म्हणाला. "काय लावू?"

तिने संपादकीय लांबवलं. कात्रीकाकांचे उपकार, त्यांची शिस्त, त्यांचा त्याग. चार पानं सहज भरली.

प्रकाशन वाचनालयाच्या खोलीत झालं. काका येतील असं तिला वाटलं नव्हतं, ते आले. पहिल्या रांगेत राखून ठेवलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. अंक घेतला, मागच्या भिंतीला काठी टेकवली आणि उभ्याने वाचू लागले. ती भाषण करत होती, पण लक्ष सगळं त्यांच्या पायांकडे. आपण काय बोललो हे तिला नंतर आठवेना.

माणसं पांगल्यावर ते पुढे आले. एक पान त्यांनी कोपऱ्यात दुमडलं होतं. संपादकीय.

"मला पुढच्या दाराने आत घेतलं नाहीस, ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "मग मागच्या दाराने कशाला आणलंस?"

"वाईट वाटत होतं म्हणून."

"मलाही वाटलं. फार वाटलं. म्हणून ते छापायचं?"

मग धीर करून तिने विचारलं, "आणि बाकीचा अंक?"

काकांनी अंक मिटला. एकदा खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि भिंतीचा आधार घेतला.

"खुर्ची आण बाई," ते म्हणाले. "गुडघे केव्हाचे गेलेत माझे. आत्ता कळतंय."