बनियनवरचे दोन डाग

बनियनला तोंड नसतं, पण गळा असतो. त्या गळ्यातूनच मी बोलतोय. गळा आता सैल झालाय, आवाज जरा फाटका येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही तिघं भावंडं एकाच खोक्यातून आलो. दोघं कपाटात जाऊन बसली आणि मी पहिल्याच दिवशी मालकाच्या अंगावर चढलो. माझा मालक एका कारखान्यात पुस्तकं बांधतो. वय बेचाळीस, उंची अशी की दारातून वाकून आत यावं लागतं. पण त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याला अजून 'छोटू'च म्हणते.

छोटूला स्किझोफ्रेनिया आहे. हे मला ताईकडून कळलं, कारण कपडे धुताना ती सगळं पुटपुटते. पूर्वी म्हणे रेडिओवरचा बातम्या देणारा छोटूचं नाव घेऊन त्याला टोमणे मारायचा. निदान छोटूला तसं ऐकू यायचं. मग गोळी सुरू झाली आणि तो बातमीवाला मुकाट्यानं बातम्या देऊ लागला. पुढं त्या गोळीनं झोप फार येते म्हणून डॉक्टरबाईंनी दुसरी दिली. नवी गोळी कामाला वाघ होती. छोटू सकाळी ताठ उठायचा, दिवसाला तीस पुस्तकं शिवायचा.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी मला ओल लागली. मला वाटलं, घाम. पण घामाच्या जागा मला तोंडपाठ आहेत. काखा, पाठ, फार तर पोट. हा पाहुणा छातीवर आला होता, तोही दोन्हीकडे बरोबर मोजून मापून. पांढरट, चिकट, वाळल्यावर कडक.

"खळ पुस्तकाला लावतोस की अंगाला?" ताई मला दगडावर घासत पुटपुटली. पुस्तकाला पुठ्ठा चिकटवायची ती खळ. छोटू तेव्हा कामावर होता, त्याच्या कानावर हे गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं टीपकागदाचे दोन चौकोन कापले आणि माझ्या आत ठेवले, तरी ओल माझ्यापर्यंत यायचीच. चालताना खसखस आवाज यायचा. शेजारी शिवायला बसणारे काका म्हणायचे, "उंदीर झालेत वाटतं." छोटू हसायचा, पण त्याचं काळीज धडधडतंय हे माझ्याइतकं जवळून कोण ऐकणार?

असे दोन महिने गेले. मग छपराच्या दुरुस्तीसाठी कारखाना आठ दिवस बंद ठेवला. त्याच आठवड्यात छोटूनं भलतंच काम केलं. सकाळची गोळी त्यानं हातात घेतली, बघितली आणि शर्टाच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. मी शर्टाच्या खालीच असल्यामुळे मला त्या तिन्ही टोचत होत्या. संध्याकाळी त्यानं रेडिओ लावला, कान देऊन ऐकला आणि झटकन बंद केला. ओरडून ताईला सांगावंसं वाटलं. पण मला ओरडता येत नाही, फार तर उसवता येतं.

चौथ्या दिवशी ताईनं धुण्याआधी खिसे तपासले. एका हातात गोळ्या, दुसऱ्या हातात मी, अशी ती छोटूपुढं येऊन उभी राहिली.

"कारखान्याला कुलूप आहे. मग ही खळ आली कुठून? आणि या गोळ्या खिशात काय करतायत?"

छोटू स्टुलावर बसला. "ताई, तुला हे डाग दिसतात?"

"म्हणजे?"

"खरंच दिसतात? दोन्ही?"

"दिसतात म्हणजे काय रे! दोन महिने घासतेय मी! बोटं सोलली माझी!"

छोटूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माझ्या छातीतून दूध येतंय, ताई. मला वाटलं, पुन्हा भास सुरू झाले. रेडिओचंही मी असंच शपथेवर सांगत होतो ना? मग वाटलं, ही गोळीच काहीतरी करतेय. म्हणून बंद केली."

"आणि तो रेडिओवाला?"

"कालपासून जरा घसा खाकरतोय."

ताईनं डोळे पुसले, तेही माझ्याच कोरड्या टोकाला, आणि मला न धुताच पिशवीत कोंबलं.

"काही त्रास?" डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं विचारलं.

"काही नाही," छोटूही नेहमीसारखंच म्हणाला.

"हा त्रास!" ताईनं मला टेबलावर पसरलं. मळका, उघडा, परक्या बाईसमोर! मी शरमेनं चूर झालो.

पण बाई हसल्या नाहीत. "या गोळीनं काही जणांच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्यामुळेच. पुरुषांनाही येऊ शकतं. क्वचित येतं, पण येतं. चूक माझी, हे नेमकं मी आधीच विचारायला हवं होतं. रक्त तपासू, गोळी बदलू. पण आपल्या मनानं बंद करायची नाही."

"म्हणजे मला भास होत नव्हता?"

"डागांचा नाही. तुमचे डोळे शाबूत आहेत. गोळी आगाऊ निघाली."

"आई होता होता वाचलास," ताई म्हणाली, आणि मग कुठं छोटू पोट धरून हसला.

रक्तात ते हार्मोन भरपूर निघालं. गोळी हळूहळू बदलली, रेडिओवाला पुन्हा बातम्यांपुरता उरला आणि काही आठवड्यांनी माझी छाती कोरडी झाली. आता "काही त्रास?" म्हटलं की छोटू टाचेपासून टाळूपर्यंत यादी वाचतो आणि बाई घड्याळाकडे बघतात.

मला भोकं पडल्यावर ताईनं मला टराटरा फाडलं. हल्ली मी कारखान्यात खळीचे ब्रश पुसतो. दोन महिने ज्या खळीचा आळ सोसला, ती आता खरोखरच अंगभर आहे.

निरोप घेण्याआधी एकच विनंती. घरातल्या कुणी भीत भीत विचारलं, "हे तुला दिसतंय का?" तर हसू नका, घाबरूही नका. आधी नीट बघा. छोटूनं दोन महिने कुणाला विचारलं नाही, कारण 'नाही' ऐकायची त्याला भीती वाटत होती.