लिंबायतमधली डाकीण आणि चार लिंबं

शेवटी डाकीण ठरवून एका प्लॅस्टिकच्या खुर्चीला ठार मारण्यात आलं.

असं काहीही घडलेलं नाही. त्या संध्याकाळी लिंबायतमधली आमची गल्ली आपापल्या घरात होती. पोलिसांना सगळ्यांनी एका सुरात तेच सांगितलंय. तर, जी गर्दी नव्हती ती चौकात जमली होती. वाल्मिकची दोन बोटं कापड कारखान्यातल्या लूममध्ये गेली होती आणि ती कोणी खाल्ली हे मंत्रतंत्र करणारा कुंदन भगत शोधणार होता. यंत्राला जाळी नव्हती. पण मालकाला डाकीण म्हणायची पद्धत नाही.

भगतानं तारेनं एकमेकांना जोडलेली चार लिंबं टांगली. प्रत्येकात तांब्याची पट्टी आणि एक खिळा. टोकाच्या दोन तारा देवीच्या मुखवट्याला लावायच्या आणि गल्लीतल्या एकेका बाईचं नाव घ्यायचं; ज्या नावाला देवीचा डोळा पेटेल ती डाकीण. सरस्वतीचं घेतलं, देवी गप्प. वर्षाचं घेतलं, गप्प. "सुंदरा!" देवीचा डोळा लाल पेटला.

"माताजी जाग्यां छे!" भगत किंचाळला. सुंदरामावशीनं त्याचा ताईत नळावर फोडून आतली चिंधी बायकांना दाखवली होती, हे माताजींना बरोबर लक्षात होतं.

"हाईच डाकीन शे! मारा तिले!" वाल्मिकच पुढे झाला.

"वाल्मिक, तुले मी न्हाऊ-माखू घालेल शे रे!" मावशी ओरडली. पहिली काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. मागची रांग पुढे सरकली, नीट दिसावं म्हणून. दुसऱ्या काठीनं कपाळ फुटलं.

तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शैलजाबाई घुसल्या. त्यांनी मुखवट्याच्या तारांची अदलाबदल केली आणि त्या ओरडल्या, "सुंदरा!" डोळा विझला. तारा परत फिरवल्या. "कुंदन भगत!" डोळा पेटला.

गर्दीला विचार करायची गरजच पडली नाही. काठ्या भगताकडे वळल्या. त्याचे दोन दात पडले.

"अरे थांबा!" बाई त्याच्या आडव्या आल्या. "लिंबाला नावं कळत नाहीत! हे बघा. खुर्ची!" डोळा पेटलेलाच.

चार जणांनी खुर्ची फोडली. काठ्या वाया जाऊ नयेत म्हणून असेल.

मग सगळ्यांना दम लागला आणि बाईंना बोलायला मिळालं. "खिळ्यावर जस्त आहे. आंबट रसात ते झिजतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. तो अ‍ॅनोड. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात. तो कॅथोड. वाटेत डोळ्यात एलईडी आहे. त्यातून वीज एकाच दिशेनं जाते. तारा उलट्या लावल्या की बंद. हा बोटांनी तारा फिरवतो, तोंडानं नावं घेतो."

"बाई, अ‍ॅनोड म्हंजे प्लस ना?" गोपालनं विचारलं. त्याच्या हातात अजून काठी होती.

"बाहेरून वीज देऊन मुलामा चढवतात तिथं प्लस. इथं सेल स्वतः वीज देतोय, म्हणून मायनस. नावावर जाऊ नकोस, गोपाल. तिथं घडतंय काय ते बघ. अ‍ॅनोडच्याही आणि डाकीण ठरवलेल्या बाईच्याही बाबतीत."

गोपालनं काठी पाठीमागे लपवली. वाल्मिक खाली बसून उरलेल्या बोटांनी मावशीचं रक्त पुसू लागला. तिनं त्याचा हात झटकला.

मावशीचं मनगट प्लास्टरमध्ये आहे. सबब, समस्त रहिवाशांस नम्र विनंती, की ज्यांनी तिला मारलं आणि ज्यांनी नीट पाहिलं, त्यांनी रविवारी चौकात येऊन स्वतःचं नाव स्वतः मोठ्यानं घ्यावं. लिंबं टांगलेली असतील. बसायला खुर्ची मिळणार नाही. कळावे.